धागा: ब्रेख्तच्या पानांवर आजचं युद्ध – 'वॉर प्रायमर २' कसं घडलं, आणि असं पुस्तक हाताने करायचं तर काय काय लागतं

पानोपानी

आधीच्या पुस्तकाच्या छापील प्रती घ्यायच्या आणि त्यांच्याच पानांवर नव्या युद्धाचा विध्वंस नोंदवायचा, या प्रकारातलं सगळ्यात नेमकं उदाहरण म्हणजे ॲडम ब्रूमबर्ग आणि ऑलिव्हर चॅनरिन यांचं 'वॉर प्रायमर २'. लंडनच्या मॅक प्रकाशनाने ते २०११ साली काढलं, फक्त १०० प्रती. जर्मन नाटककार-कवी बेर्टोल्ट ब्रेख्तच्या 'क्रीग्सफीबेल'चा (म्हणजे 'युद्धाची बाराखडी') इंग्रजी अनुवाद लिब्रिस प्रकाशनाने १९९८ मध्ये छापला होता. त्याच अनुवादाच्या खऱ्या प्रती घेऊन त्यांवर स्क्रीन प्रिंटने (जाळीतून शाई ओढून) मजकूर छापला आणि इंटरनेटवरून घेतलेली इराक-अफगाणिस्तान युद्धकाळातली चित्रं हाताने चिकटवली. खालचं पुस्तक पुसलं नाही, अख्खं झाकूनही टाकलं नाही. २०१३ साली याच कामाला डॉइश बोर्स फोटोग्राफी पारितोषिक मिळालं.

या धाग्यात दोन गोष्टींवर बोलू. एक, खालच्या पुस्तकाची रचना, कारण ती कळली नाही तर वरचा थर नुसती सजावट ठरतो. दोन, प्रत्यक्ष कारागिरी: कागद, गोंद, शाई, बांधणी. चर्चेला काहीतरी ठोस हवं म्हणून नमुना धरू: १६० पानी, पुठ्ठाबांधणीचं यजमान पुस्तक (ज्याच्या पानांवर चिकटवायचं ते), ६० चित्रं, १० प्रती, विषय रशियाच्या हल्ल्यातलं युक्रेनचं मारियुपोल शहर, २०२२.

---

बर्लिनकर

मराठी वाचकाला ब्रेख्त भेटतो तो रंगमंचावरून, 'तीन पैशाचा तमाशा' किंवा 'अजब न्याय वर्तुळाचा' मधून. कात्री आणि डिंक घेऊन बसलेला ब्रेख्त त्या मानाने अनोळखी. १९३३ मध्ये जर्मनी सोडल्यावर डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि १९४१ पासून अमेरिका असा त्याचा प्रवास झाला. या काळात तो वर्तमानपत्रांतली आणि 'लाइफ'सारख्या साप्ताहिकांतली युद्धाची छायाचित्रं कापून ठेवत होता आणि प्रत्येकाखाली चार ओळींचा श्लोक लिहीत होता. या जोडीला तो फोटोएपिग्राम म्हणायचा. पुस्तक निघायला १९५५ उजाडलं. पूर्व जर्मनीतल्या अधिकाऱ्यांना ते जास्तच शांततावादी वाटत होतं, त्यामुळे अनेक वर्षं अडून राहिलं. शेवटी बर्लिनच्या ऑयलेनश्पीगेल प्रकाशनाने ते काढलं, संपादन आणि प्रस्तावना रूथ बेरलाऊची. पहिल्या आवृत्तीत ६९ फोटोएपिग्राम आहेत.

रचना नीट बघा, कारण वर चिकटवणाऱ्याचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. उजवं पान काळं, त्यावर छायाचित्र आणि खाली पांढऱ्या अक्षरांत श्लोक. डावं पान पांढरं, त्यावर थोडका मजकूर. छायाचित्राबरोबर पुष्कळदा वर्तमानपत्राचीच मूळ ओळ ठेवली आहे, आणि श्लोक त्या ओळीशी वाद घालतो. म्हणजे एका पानावर तीन आवाज असतात: कॅमेरा, संपादक, कवी. नवं चित्र चिकटवताना तुम्ही चौथा आवाज आणता. मग आधीच्या तिघांपैकी कोणाला गप्प करायचं, हे चित्राच्या मापावरून आणि जागेवरून ठरतं. माझ्या मते सगळ्या प्रकाराचा गाभा इथेच आहे. गोंद-शाईचं ज्ञान या निर्णयाच्या सेवेला हवं.

विध्वंसाच्या संदर्भात एक पान डोळ्यांसमोर ठेवा. लिव्हरपूलच्या गोद्या विमानातून टिपलेल्या आहेत. खालचा श्लोक शहर स्वतःच बोलतं: अजून मी शहर आहे, पण फार काळ नाही, पन्नास पिढ्या माझ्यात नांदल्या, हजार वर्षांत उभं राहिलो, एका महिन्यात उद्ध्वस्त. छायाचित्र मात्र बॉम्ब टाकणाऱ्याच्या नजरेचं. वरून बघणारा डोळा आणि खालून बोलणारं शहर असा हा सामना आहे. मारियुपोल घ्यायचंच असेल तर सुरुवात या पानापासून करा.

---

कृष्णधवल

बर्लिनकर, पटलं. पण एक शंका. ब्रूमबर्ग-चॅनरिन यांनी ठिकठिकाणी खालच्या छायाचित्राचा मोठा भाग झाकलाय. मग अख्खंच झाकलं तर काय बिघडतं? नवं छायाचित्र मोठं आणि स्पष्ट दिसेल.

---

बर्लिनकर

अख्खं झाकलं की वाचकाला खाली काय होतं ते कळत नाही आणि श्लोक नव्याच चित्राचा असल्यासारखा वाचला जातो. तुलना संपली. त्यांनी वापरलेलं एक चित्र सगळ्यांच्या परिचयाचं आहे: २७ नोव्हेंबर २००३ ला बगदादमध्ये सैनिकांसमोर टर्कीचं ताट हातात धरून उभे असलेले जॉर्ज बुश. हे चित्र एरवी नुसतं प्रचारचित्र. ब्रेख्तच्या पानावर त्याला अर्थ येतो, कारण कडेने जुनं पान दिसत राहतं आणि खालचे शब्द दुसऱ्या काळातले आहेत हे आपण विसरत नाही.

कामाचा नियम म्हणून सांगतो: खालच्या छायाचित्राचा निदान एक ओळखू येणारा भाग उघडा ठेवा. माणसाचा हात, जहाजाची डोलकाठी, इमारतीची कड, काहीही. नुसती ५ मि.मी.ची राखाडी पट्टी उघडी ठेवून उपयोग नाही, ती चौकट वाटते.

---

खळ-दोरा

आता बांधणी. या कामात पुस्तकं मरतात ती जाडीमुळे.

बांधलेल्या पुस्तकाचा कणा ठरावीक पानांसाठी बेतलेला असतो. आत कागद चिकटवत गेलात की पानांचा गठ्ठा मधल्या भागात जाडावतो, कणा मात्र तेवढाच राहतो. पुस्तक सुसरीसारखं तोंड वासून बसतं. पुठ्ठे तिरके होतात, सांध्यावर ताण येतो आणि काही महिन्यांत अस्तराचा कागद सांध्यात फाटतो.

हिशेब आधी कागदावर करा:

९० ग्रॅमचा बिनचकाकीचा कागद साधारण ०.११ मि.मी. जाड. गोंदाचा थर ०.०२ धरा. एकूण ०.१३. साठ चित्रं म्हणजे ७.८ मि.मी.
१७० ग्रॅमचा फोटो कागद ०.२२ च्या आसपास. गोंदासकट ०.२४. साठ चित्रं म्हणजे १४.४ मि.मी.

१६० पानी पुस्तकाचा गठ्ठा स्वतःच १० ते १२ मि.मी. असतो. त्यात १४ भरणं म्हणजे पुस्तक मोडणं. फोटो कागद पहिल्याच फेरीत बाद.

७.८ कमी करायचे तीन मार्ग. पहिला, चित्रांच्या जागा बदलत्या ठेवणं: काही पानाच्या वरच्या भागात, काही खाली, काही बाहेरच्या कडेला. तीन जागांत वाटली तर कुठल्याही एका ठिकाणी जास्तीत जास्त २०-२५ चित्रांचा थर येतो, म्हणजे सव्वातीन मि.मी.च्या आत. एवढं पुठ्ठाबांधणी सहन करते. अडचण अशी की जागा ठरवते खालचं चित्र, आपली सोय नव्हे. बर्लिनकर म्हणतात तो हात किंवा ती डोलकाठी नेमकी ज्या कोपऱ्यात उघडी ठेवायची तो जाडीच्या दृष्टीने गैरसोयीचा निघतो. म्हणून आधी सगळ्या ६० जागा एका तक्त्यावर मांडा, पारदर्शक कागदावर एकावर एक गिरवा आणि कुठे ढीग होतोय ते बघा. मग १०-१२ चित्रं सरकवली तरी भागतं.

दुसरा मार्ग, काही चित्रं चिकटवायचीच नाहीत, थेट पानावर छापायची. ते जाळीवाले सांगतील.

तिसरा, पुस्तक सोडवून कण्यात पट्ट्या घालून पुन्हा शिवणं. जुजबंदी, म्हणजे दोऱ्याने शिवलेली बांधणी, असेल तरच. पुस्तकाच्या डोक्याकडून कणा बघा. घडीचे गोल फर्मे (एकत्र दुमडलेल्या पानांचे जुडगे) दिसले आणि फर्म्याच्या मधल्या पानात दोरा दिसला, तर शिवलेलं आहे. सरळ कापलेल्या सुट्या पानांची रांग दिसली तर परफेक्ट बाइंडिंग, ते यजमान म्हणून घेऊच नका. पानं पूर्ण उघडून दाबावी लागतात, त्यात गोंदाचा कणा तडकतो.

---

पानोपानी

खळ-दोरा, तिसऱ्या मार्गात पट्ट्या किती आणि केवढ्या?

---

खळ-दोरा

नमुन्यापुरतं सांगतो. १६० पानं, १६ पानी १० फर्मे. साठ चित्रं समान वाटली तर फर्म्याला ६, म्हणजे ०.७८ मि.मी. जाडी. फर्म्याच्या घडीवर बाहेरून १५ मि.मी. रुंदीची पट्टी मध्यात दुमडून बसवायची. ती दोन्ही बाजूंनी येते, म्हणून जाडी दुप्पट मिळते. ०.११ चा कागद असेल तर एका पट्टीने ०.२२, म्हणजे फर्म्याला साडेतीन-चार पट्ट्या. २०० ग्रॅमचा, ०.२५ मि.मी.चा कागद घेतला तर दोनच पट्ट्या पुरतात, पण घडी जाड होते आणि पान उघडताना कण्याजवळ ताठ राहतं. मी पातळ चार पट्ट्यांच्या बाजूने.

पट्टीचा ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर. ग्रेन ओळखायला कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो ज्या रेषेला समांतर गुंडाळी करतो ती ग्रेनची दिशा. चिकटवायच्या चित्रांनाही हाच नियम. आडव्या ग्रेनचं चित्र उभ्या ग्रेनच्या पानावर लावलं की वाळताना दोघं वेगवेगळ्या दिशांना ओढतात आणि पानाला कायमचा बाक येतो. डिजिटल प्रेसवाले १२ × १८ इंची कागद देतात त्यात दोन्ही प्रकारचे ग्रेन मिळतात, मागताना सांगावं लागतं.

पट्ट्यांनी कणा ८-९ मि.मी.ने वाढतो, जुनं कव्हर बसत नाही. दोन्ही पुठ्ठे जपून ठेवायचे, मधली कण्याची पट्टी नवी करायची आणि जुन्या कण्यावरचं कापड उचलून तिच्यावर परत लावायचं. एका प्रतीला हे दोन दिवसांचं काम. दहा प्रतींना जमेल. शंभरांना पहिला मार्गच बरा.

---

जाळीवाला

बांधलेल्या पुस्तकावर स्क्रीन प्रिंट करताना तीन गोष्टी आडव्या येतात.

एक, सपाटी. पान उघडलं की उरलेलं पुस्तक बाजूला उंच राहतं आणि फ्रेम टेकत नाही. छापायच्या पानाखाली ३ मि.मी.चा एमडीएफ किंवा जाड पुठ्ठा सरकवायचा, आणि पुस्तकाची दुसरी बाजू टेबलाच्या खाली जाईल असा पायरीचा मंच करायचा. पान मंचावर, बाकी पुस्तक पायरीवर. फ्रेमची बाहेरची रुंदी पानाहून लहान हवी, नाहीतर ती कण्यावर चढते. २०० मि.मी. रुंद पान असेल तर फ्रेम बाहेरून १८० च्या आत. त्यात लाकूड आणि जाळीची कड जाऊन छपाईला जेमतेम ११० मिळतात. म्हणून मजकूर अरुंद स्तंभात मांडा.

दोन, शाई. डाव्या पांढऱ्या पानावर लाल मजकूर सुंदर बसतो. उजव्या काळ्या पानावर तीच लाल शाई विटकरी-तपकिरी होते, कारण ती अर्धपारदर्शक असते. काळ्यावर लाल हवाच असेल तर आधी अपारदर्शक पांढरी, ती वाळल्यावर लाल. दोन वेळा रजिस्ट्रेशन (छाप नेमक्या जागी जुळवणं) आलं, आणि बांधलेल्या पुस्तकात अर्धा मि.मी. सरकणं सहज होतं. पांढऱ्या थराची अक्षरं पाव मि.मी. बारीक ठेवा म्हणजे कडेने पांढरी रेघ डोकावत नाही. नाहीतर काळ्या पानावर सरळ पांढराच मजकूर छापा.

तीन, जाळी. ८-९ पॉइंटचा देवनागरी मजकूर असेल तर सेंटिमीटरला १०० ते १२० धाग्यांची. अपारदर्शक पांढऱ्याला ती चालत नाही, शाई अडकते. तिथे ६० ते ७७ आणि अक्षरं किमान ११ पॉइंट. वेलांट्या आणि रफार सगळ्यात आधी भरतात, म्हणून पॉझिटिव्ह (जाळी तयार करायची फिल्म) काढताना ठळक नव्हे, मध्यम वजनाचा फाँट घ्या. जाळी पानापासून २ मि.मी. वर, स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) ७० शोअर कडकपणाची, एकच ओढ. परत ओढली तर पान उचललं जातं आणि अक्षर दुहेरी होतं.

पाण्याच्या शाईने पातळ पानाला लाटा येतात. सॉल्व्हंटच्या शाईने येत नाहीत, पण खोलीत वारा खेळता हवा आणि वास पुस्तकात आठवडाभर राहतो. छापलेलं पान रॅकवर टाकता येत नाही, म्हणून एका वेळी एका प्रतीचं एकच पान. दहा प्रती रांगेत मांडा. पहिलं पान सगळ्यांवर छापून होईपर्यंत पहिली प्रत वाळलेली असते. पुढचं पान उलटण्याआधी मधे सिलिकॉनचा बेकिंग कागद.

---

कृष्णधवल

चित्रांबद्दल. मोबाइलवरचे जुने फोटो ६४० × ४८० पिक्सेलचे असतात. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ते ५४ × ४१ मि.मी. छापले जातात, १५० ला १०८ × ८१. इथे १५० च योग्य. पिक्सेल किंचित दिसू द्या. सॉफ्टवेअरने गुळगुळीत करून वाढवलेला फोटो पुरावा उरत नाही, कारण त्यातल्या कडा यंत्राने अंदाजाने भरलेल्या असतात. पडलेल्या भिंतीच्या चित्रात अंदाजाने भरलेली वीट नको.

छपाई पिगमेंट इंकजेटवर. डायची शाई उडते. लेझरचा टोनर दाबाखाली आणि उष्म्यात समोरच्या पानाला चिकटतो, विशेषतः काळ्या भागात. दहा पुस्तकांचा गठ्ठा मे महिन्यात एकावर एक ठेवलात की पानं सोडवताना टोनरचे टवके निघतात. आणि चकाकीचा कागद टाळा. पुस्तकातलं जुनं चित्र छपाईच्या ठिपक्यांचं, मंद. त्याच्यावर चमकदार फोटो लावला की डोळा आधी चकाकीकडे जातो. विध्वंसाचं चित्र देखणं दिसावं असा इथे हेतू नाही.

---

उपग्रह-नजर

मारियुपोलच्या नाट्यगृहाचं सांगतो. आत नागरिकांनी आसरा घेतला होता. इमारतीच्या पुढच्या आणि मागच्या आवारात जमिनीवर मोठ्या अक्षरांत रशियनमध्ये 'मुलं' असं लिहिलं होतं. मॅक्सार या उपग्रहचित्रांच्या कंपनीच्या १४ मार्च २०२२ च्या चित्रात ते वाचता येतं. हल्ला १६ मार्चला झाला. लिव्हरपूलच्या पानावर हे चित्र बसतं ते नेमकं याचसाठी: इथे खालून वर बघणाऱ्याने वरच्या डोळ्यासाठी शब्द लिहून ठेवला होता.

पण ते चित्र मॅक्सारच्या (आता तिचं नाव व्हँटॉर) मालकीचं, परवानगीशिवाय छापता येणार नाही. मोफत मिळणारं युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातल्या सेंटिनेल-२ उपग्रहांचं चित्र आहे, पण त्याचा एक पिक्सेल १० मीटरचा. ६० मीटर लांबीची इमारत म्हणजे सहा पिक्सेल, अक्षरं तर दिसणारच नाहीत. मग त्याचा उपयोग वेगळा करा. ५ × ५ कि.मी. शहराचा तुकडा म्हणजे ५०० × ५०० पिक्सेल, १५० पीपीआयला ८५ मि.मी. चौरस. एकाच तुकड्याची हल्ल्याआधीची आणि नंतरची चित्रं समोरासमोर लावली की मोहल्लेच्या मोहल्ले काळवंडलेले दिसतात. तेव्हाचे दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी तीच जागा टिपत होते, पण मार्चमध्ये ढग असतात, तेव्हा वापरता येण्यासारख्या तारखा मोजक्याच निघतात. ऋतू सारखा ठेवा. मार्चच्या उघड्या जमिनीशेजारी जूनची हिरवळ लावली तर वाचकाला झाडांचा फरक विध्वंसाचा वाटेल. छापताना 'सुधारित कोपर्निकस सेंटिनेल डेटा' ही ओळ आणि वर्ष द्यावंच लागतं.

आणखी एक. 'उद्ध्वस्त' हा शब्द सरसकट वापरू नका. संयुक्त राष्ट्रांची युनोसॅट संस्था नुकसानीच्या पाहणीत उद्ध्वस्त, गंभीर नुकसान, मध्यम नुकसान असे वर्ग वेगळे करते. तुमच्या ओळीतही तो फरक दिसायला हवा.

---

बर्लिनकर

+१. ब्रेख्त छायाचित्राखालच्या चुकीच्या ओळींविरुद्ध लिहीत होता. आपणच चुकीची ओळ छापली तर कामाचा पायाच गेला. प्रत्येक चित्रासाठी किमान एवढं नोंदवा: कुठलं ठिकाण, कोणती तारीख, कोणी टिपलं, प्रथम कुठे आलं, आणि दुव्याची साठवलेली प्रत कोणत्या दिवसाची. नुसता दुवा पुरत नाही, तो दोन-तीन वर्षांत मरतो. इमारत पटवायला किमान दोन खुणा जुळवा: छपराचा आकार, चौकाची रचना, घुमट, काहीही. सावलीच्या दिशेवरून दिवसाची वेळ ताडता येते. उलट शोधात (चित्र देऊन इंटरनेटवर घेतलेल्या शोधात) तेच चित्र जुन्या तारखेचं निघालं तर सरळ काढून टाका.

ओळखू येणारे चेहरे, विशेषतः मृतांचे, हा वेगळा प्रश्न. माझं मत: इमारती, रस्ते, वस्तू यांवर पुस्तक उभं राहू शकतं. मृताचा चेहरा छापायचा तर त्याला कारण हवं, आणि 'परिणाम होतो' हे कारण नाही.

---

पानोपानी

गोंदाचं राहिलं. पावसाळ्यात काय वापरायचं?

---

खळ-दोरा

बाजारातला साधा पांढरा गोंद नको. तो एकदा वाळला की सुटत नाही, काही वर्षांत पिवळा पडतो आणि बऱ्याचदा आम्लधर्मी असतो. दोन पर्याय.

कडेच्या पट्टीने चिकटवण्यासाठी: आम्लमुक्त पीव्हीए (बांधणीचा पांढरा गोंद) आणि मिथाइल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारी चिकट भुकटी) निम्मे निम्मे. सेल्युलोज १०० मि.लि. पाण्यात ४ ग्रॅम. आधी एक तृतीयांश कडक गरम पाण्यात भुकटी पसरवायची, मग उरलेलं थंड पाणी ओतून ढवळायचं आणि रात्रभर ठेवायचं. सगळं गरम पाणी घेतलं तर ती विरघळत नाही, सगळं थंड घेतलं तर गुठळ्या होतात. मिश्रण हळू वाळतं, त्यामुळे चित्र सरळ करायला मिनिटभर मिळतं.

पूर्ण पाठ चिकटवण्यासाठी: गव्हाच्या स्टार्चची खळ. मैदा नको, त्यातलं ग्लुटेन बुरशी आणि किडीला बोलावतं. एका भागाला चार ते पाच भाग पाणी, अर्धा तास भिजवा, मंद आचेवर २५-३० मिनिटं न थांबता ढवळा. दुधी पांढरी खळ अर्धपारदर्शक आणि चकचकीत झाली की झाली. गार करून बारीक चाळणीतून दोनदा गाळा, पातळ करा. पावसाळ्यात बाहेर एक दिवस टिकते, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. आपल्याकडच्या जुन्या बांधणीत कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायची पद्धत होती. इथे ते करू नका. तांब्याचे क्षार कागदाची झीज वाढवतात आणि पान तपकिरी पडतं. थोडी खळ करा, ताजी वापरा.

चिकटवायची पद्धत. चित्र वरच्या कडेने ४ मि.मी.च्या पट्टीवर लावलं तर वाचक ते उचलून खालचं जुनं चित्र पूर्ण बघू शकतो. हा या कामाला सगळ्यात साजेसा प्रकार. पण पान उलटताना मोकळी कड वळते आणि पुस्तक मिटताना कोपरा दुमडतो. म्हणून असं चित्र ९० × ७० मि.मी.पेक्षा मोठं नको. मोठ्यांना पूर्ण खळ. बाहेरच्या कडेने कधीच लावू नका, अंगठा अडकून फाटतं. कण्यापासून १० मि.मी. सोडा, पान तिथे वळतं आणि चिकटवलेली कड सुटते.

सगळ्या प्रतींत जागा सारखी यावी म्हणून पाव मि.मी. जाड पॉलिस्टर फिल्मचा साचा कापा: पानाच्या मापाचा, चित्राएवढी खिडकी. साचा कण्यात आणि वरच्या कडेला टेकवला की एक मि.मी.च्या आत जागा येते. चित्र ठेवल्यावर वर सिलिकॉन कागद, हाडाच्या पट्टीने मधून बाहेर घासा. दोन्ही बाजूंना टीपकागद, ५-६ किलो वजन. टीपकागद पहिल्या अर्ध्या तासाने बदला. हे टाळलं की सोडलेलं पाणी पानातच मुरतं आणि लाटा येतात. एरवी २४ तास, पावसाळ्यात ४८. एका प्रतीत दिवसाला पूर्ण खळीची सहापेक्षा जास्त चित्रं नकोत, आणि तीही वेगवेगळ्या फर्म्यांत.

वेळेचा हिशेब: कापणं, लावणं, घासणं धरून चित्रामागे ५ मिनिटं. ६० चित्रांना ५ तास, १० प्रतींना ५०. शंभरांना ५०० तास, म्हणजे आठ तासांचे साठाहून जास्त दिवस. हे काम कोण करणार आणि त्याला किती पैसे मिळणार, ते आधी ठरवा आणि पुस्तकात नावासकट छापा.

---

बर्लिनकर

हे महत्त्वाचं आहे. लुइस बुश या छायाचित्रकाराने २०१३ मध्ये 'वॉर प्रायमर २' वर आणखी एक थर चढवून 'वॉर प्रायमर ३' केलं, आणि त्याचा रोख नेमका श्रम आणि विषमतेवर होता. हाताने केलेल्या पुस्तकात हात कोणाचे, हा प्रश्न या परंपरेत आधीच विचारला गेला आहे.

---

कलम-५७

हक्कांबद्दल थोडक्यात. ब्रेख्त १९५६ ला गेला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे मूळ जर्मन श्लोक इथे २०१६ अखेरीस मुक्त झाले. जर्मनीत ७० वर्षं, म्हणजे २०२६ अखेरपर्यंत हक्क. इंग्रजी अनुवादक जॉन विलेट २००२ ला गेले, त्यामुळे अनुवाद भारतातही २०६२ पर्यंत संरक्षित. छायाचित्रांचे हक्क वेगळे, प्रत्येकाचे तपासावे लागतात.

विकत घेतलेल्या प्रतीवर काम करून तीच प्रत विकणं आणि तिची पानं स्कॅन करून नव्याने छापणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. भारतीय कायद्यात एकदा बाजारात आलेली साहित्यकृतीची प्रत पुढे विकायला अडकाठी नाही. स्कॅन म्हणजे नवी प्रत. तुमचा बेत १० प्रतींचा असेल तर तो प्रत्यक्ष प्रतींपुरताच ठेवा. ई-आवृत्ती काढायची तर अनुवाद टाळून मूळ जर्मन श्लोकांचा नवा मराठी अनुवाद करून घ्या. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली लेखकाचा नैतिक हक्क असतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाबाबत तो गांभीर्याने घेतला. विक्री करण्याआधी वकिलाचं लेखी मत घ्या.

---

पानोपानी

यजमान प्रती कुठल्या घ्याव्या? लिब्रिसच्या आता दुर्मिळ.

---

खळ-दोरा

दुर्मिळ प्रत कापू-चिकटवू नका. व्हर्सो प्रकाशनाने २०१७ मध्ये विलेटचाच अनुवाद पुन्हा काढला, त्याच्या प्रती मिळतात. दहाही प्रती एकाच छपाईच्या घ्या, कारण पुनर्मुद्रणात छापाची जागा दीड-दोन मि.मी. सरकलेली असू शकते आणि मग साचा जुळत नाही. बांधणी हातात घेऊन तपासा. दहा हव्या असतील तर बारा घ्या: एक गोंद-शाईच्या चाचण्यांना, एक अजिबात हात न लावता संदर्भाला. जागांचा तक्ता आणि साचा त्या कोऱ्या प्रतीवरूनच करायचा.

---

जाळीवाला

चाचणीच्या प्रतीवर शाई आणि खळ दोन्ही एकाच पानावर करून बघा. काही शायांवर खळ धरत नाही. क्रम असा: आधी छपाई, तीन दिवस वाळवण, मग चिकटवणं. उलट केलंत तर चिकटवलेल्या कागदाच्या कडेवर स्क्वीजी अडखळते, तिथे शाईचा पट्टा साचतो आणि जाळीही फाटू शकते.

---

कृष्णधवल

तयार पुस्तक ठेवायचं कशात? सरकत्या खोळीत?

---

खळ-दोरा

खोळीत नको. आत-बाहेर सरकवताना वरच्या कडेने लावलेली चित्रं घासतात, आणि फुगलेली बाजू खोळीत दाबली जाते. शिंपल्यासारखी उघडणारी, दोन भागांची पेटी करा, आतलं माप पुस्तकापेक्षा लांबी-रुंदीत २ मि.मी. जास्त. खोली मात्र सगळी चित्रं लागून, दाबून, वाळून झाल्यावरच मोजा, आधीच्या हिशेबावर पेटी कापू नका. प्रत्येक प्रतीची खोली वेगळी मोजा, दहांमध्ये एक-दीड मि.मी. फरक निघतोच. पेटी आडवी ठेवायची, उभी नाही.